फोटो रोज यायचे, अभ्यास मात्र नव्हता

पत्र थोडक्यात: सोलापुरातल्या एका २६ वर्षांच्या वाचक मुलीनं लिहिलंय, बँकेत नोकरी करते. गेल्या दिवाळीपासून शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाला ती अभ्यासात मदत करते. मुलगा आता बारावी सायन्सला, पुढं इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलं, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. हिनं त्याला एक्सेलमध्ये रंगीत टाइमटेबल करून दिलं, पहाटे ५ ते ७ आणि रात्री ८ ते १०, आणि रोज रात्री झोपायच्या आधी वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा असा नियम केला. सात-आठ महिने छान चाललं. जुलैमध्ये ती तीन आठवडे ट्रेनिंगला पुण्याला गेली, फोटो येतच होते. परत येऊन वह्या चाळल्या तर फोटो सगळे जुन्याच पानांचे, नवीन काही झालेलंच नाही. युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ७. ती लिहिते, "मॅडम, त्याच्यात शिस्तच नाही हो. मी आहे तोवर करतो, मी नाही की बंद. गणपतीच्या लेझीमच्या सरावाला मात्र पठ्ठ्या रोज सातच्या ठोक्याला हजर! मी आता अजून कडक होऊ का सरळ सोडून देऊ?"

अगं, तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून अगं-तुगंच करते, चालवून घे.

आधी त्या जुन्या फोटोंचं बोलू, कारण पत्रात तेच सगळ्यात जास्त टोचलेलं दिसतंय. मी २२ वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, जर्नलवर सह्या करून करून बोटं दुखायची. एका वर्षी एका पोरानं मागच्या बॅचच्या कुणाचं तरी जर्नल इतकं मन लावून उतरवलं की तारखासुद्धा मागच्या वर्षीच्याच आल्या आणि मी त्याच्यावर बिनदिक्कत सही ठोकली. एका मुलीनं हसत हसत दाखवलं तेव्हा मला कळलं. मग मी त्या पोराला वर्गात उभं करून नको ते बोलले. आता आठवलं की माझ्याच सहीची लाज वाटते, कारण मी जर्नलमध्ये बघत काय होते? अक्षर, आकृत्या, पानं भरलीत का. मला जे पाहिजे होतं ते त्यानं बरोबर पुरवलं.

तुझ्या या मुलानंही तेच केलंय. तू फोटो मागितलास, त्यानं फोटो दिला. फसवलं का? हो, फसवलं, त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही. पण रोज रात्री दहा वाजता जुनं पान शोधून, उजेडात धरून, फोटो काढून पाठवायचा, तोही न चुकता तीन आठवडे, म्हणजे त्या पोराला तुझी नाराजी किती नको होती बघ. ज्याला तुझी काही पडलेलीच नाही तो पहिल्याच आठवड्यात 'नेट नव्हतं ताई' म्हणून मोकळा झाला असता.

आता तुझ्या त्या वाक्यावर येते, 'त्याच्यात शिस्तच नाही'. आणि पुढच्याच ओळीत तू लिहितेस की लेझीमला सातच्या ठोक्याला हजर! अगं मग शिस्त नाही कशी? आपल्याकडच्या मंडळांचा लेझीमचा सराव काय असतो ते तुला मी सांगायला नको, दोन-दोन तास पाय मोडेपर्यंत, हलगीचा ठेका बदलला की सगळ्या ओळीनं एका दमात बदलायचं, एकजण चुकला तरी लांबनं दिसतं. हे पोरगं तिथं वेळेवर जातं, चुकलं की परत करतं, दमलं तरी मध्येच सोडत नाही. तिथं त्याला कुणी फोटो मागत नाही.

तिथं का जमतं आणि वहीपुढं का जमत नाही, माझ्या मते तुझ्या सगळ्या पत्राची गोम इथंच आहे. लेझीममध्ये आपण चुकलो हे त्याचं त्यालाच कळतं, कानाला कळतं, त्याच क्षणी. काय दुरुस्त करायचं तेही कळतं. शेजारी एखादा जुना पोरगा असतो जो पहिल्या वर्षी हाताला धरून दाखवतो, दुसऱ्या वर्षी नुसतं डोळ्यानं खुणावतो आणि तिसऱ्या वर्षी याला पुढच्या ओळीत ढकलून आपण पाणी प्यायला जातो. फिजिक्समध्ये यातलं काय आहे? चुकलो हे त्याला कळतं युनिट टेस्टचा पेपर हातात आल्यावर, तेही 'एवढे कमी' इतकंच. आणि शेजारचा जुना पोरगा म्हणजे तू, जी आठ महिने हात धरूनच उभी आहेस आणि एके दिवशी एकदम पुण्याला गेलीस. जाणं भागच होतं, तुझा दोष काढत नाही. पण हात सुटला तेव्हा त्याला एकट्यानं चालायची सवय कुणीच लावलेली नव्हती.

अभ्यासाच्या मानसशास्त्रात याला स्वनियमन म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा, आपल्या अभ्यासाची गाडी आपणच हाकायची. अमेरिकेतले बॅरी झिमरमन म्हणून एक अभ्यासक, त्यांनी याचे तीन टप्पे मांडलेत: आधी ठरवणं, मग करताना स्वतःवर नजर ठेवणं, आणि झाल्यावर मागं वळून बघणं की काय जमलं, काय नाही, पुढच्या वेळी काय बदलू. आणि ते फिरत राहतं, मागं वळून बघितलेलं पुढच्या ठरवण्यात येतं. आता तुझं टाइमटेबल आठव. ठरवलं कुणी? तू. तपासलं कुणी? तू, रात्री फोटोत. पुढं काय बदलायचं तेही तूच सांगायचीस. त्याच्या वाट्याला आलं नुसतं मधलं करणं, म्हणजे हमाली. आठ महिने हमाली केलेल्या पोराला गाडी चालवता येत नाही म्हणून आपण रागवायचं, हे मला पटत नाही बाई.

कडक होऊन बघू का, असं विचारतेस. होऊन बघ, चार आठवडे फरक पडेल, मग तो आणखी हुशारीनं फोटो पाठवेल, तारीख टाकून. धाकानं पोरं बसतात हे खरंय, मीही बसवलीत. पण धाक दारातनं गेला की अभ्यासही त्याच्यामागं जातो, आणि इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कोण छडी घेऊन बसणार आहे?

आणि सोडून द्यायचं म्हणशील तर नको, निदान असं रागाच्या भरात तर नकोच. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स म्हणून जुनी संस्था आहे, मोठी माणसं तिथं मुलांशी मैत्री जोडून त्यांना आधार देतात. त्यांच्या जोड्यांचा एक अभ्यास २००२ साली आला, त्यात ज्यांची साथ वर्षभर किंवा जास्त टिकली त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला, आणि ज्यांची फार लवकर तुटली त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घसरला. तुमचं वर्ष व्हायला आलंय. आत्ता तू गेलीस तर तो 'ताईला वेळ नाही' असं समजणार नाही, 'मी त्या लायकीचाच नाही' असं समजेल. नंतर कधीतरी थांबायचंच असेल तर दीड-दोन महिने आधी सांगून, तारीख ठरवून थांब.

मग करायचं काय? सगळ्यात आधी एकदा बस त्याच्याबरोबर, पण त्याच्या घरी आईवडिलांसमोर नको आणि तुझ्या हॉलमध्ये खुर्ची टाकूनही नको. संध्याकाळी संभाजी तलावाकडं चक्कर मारायला जा, त्याच्या लहान बहिणीला घेऊन जा हवं तर. समोरासमोर बसून पोरं गप्प होतात, शेजारी चालताना बोलतात, हा माझा अनुभव. आणि सुरुवात तू कर, "ते टाइमटेबल मी बनवलं, तुला एकदाही विचारलं नाही, ते माझं चुकलं." मग फोटोंचं विचार, पण 'का केलंस' असं नको, 'का'ला पोरं खोटंच उत्तर देतात. "पहिल्या दिवशी जुना फोटो पाठवलास तेव्हा नेमकं काय अडलं होतं?" असं विचार. बहुतेक एखादं गणितच अडलेलं निघेल बघ. एक दिवस अडला, लाजेनं विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्यावरचं पुढचं कळेना, तिसऱ्या दिवशी वहीच उघडावीशी वाटेना. मी हे इतक्या वेळा पाहिलंय. म्हणून त्याला स्पष्ट सांग की अडल्यावर विचारणं हा अभ्यासातलाच भाग आहे, आणि तुला येत नसेल तर कॉलेजच्या सरांना कसं विचारायचं, म्हणजे 'सर काही कळलं नाही' असं न म्हणता 'सर इथपर्यंत आलं, या पायरीला अडलो', हे त्याच्याकडून दोनदा बोलून घे. तुला हसू येईल पण ज्या घरात सरांशी बोलायची कुणालाच सवय नाही तिथल्या पोराला हे शिकवावं लागतं.

त्याच चकरीत अजून एक विचारून घे, जे तुझ्या पत्रात कुठंच नाही. त्याला इंजिनिअर व्हायचंय का? का तू ठरवलंस, का वडिलांनी मागाच्या आवाजाला कंटाळून ठरवलं? उत्तर काहीही येऊ दे, चेहरा पाडू नकोस. दुसऱ्याच्या स्वप्नासाठी पहाटे पाचला उठणं कुणाला जमतं ग, तुला तरी जमेल का.

पहाटे पाचवरनं आठवलं. त्याच्या गल्लीत पाण्याचा दिवस कोणता आणि वेळ काय, विचारलंस कधी? आपल्याकडं नळाला पाणी काही रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरी-बॅरल भरायला घरातला उभा पोरगाच लागतो. रात्री ८ ते १० ला आईचं विड्यांचं सूप, बहिणीचा अभ्यास, टीव्ही, जेवण, सगळं एकाच खोलीत. तुझ्या एक्सेलमध्ये यातली एकही चौकट नव्हती. म्हणून पहिला आठवडा काही सुधारायचं नाही, नुसतं बघायचं. त्यानं स्वतः एका साध्या वहीत लिहायचं की दिवसभरात वेळ कुठं गेला, मोबाईलवर किती गेला तेही, आणि ती वही तू मागायची नाहीस. रविवारी तोच सांगेल त्यातलं जेवढं सांगायचं ते. बघ तू, त्याचं त्यालाच दिसेल की दुपारी कॉलेजवरनं आल्यावर घर दीड तास शांत असतं आणि तो दीड तास रील्समध्ये जातो. हे तू सांगितलंस तर लेक्चर होतं, त्याला दिसलं तर शोध लागल्यासारखं वाटतं त्याला.

मग नवीन टाइमटेबल त्याच्याच हातनं, आणि पानभर नको, दोन-तीन ओळी. पीटर गोलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेली 'जर-तर'ची युक्ती मला फार आवडते, नुसतं 'रोज अभ्यास करेन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' असं बांधून ठेवलं की माणूस ते जास्त वेळा करतो. म्हणजे 'कॉलेजवरनं आलो, जेवलो, ताट उचललं की मोबाईल आईच्या सुपाशेजारी ठेवून फिजिक्सची तीन गणितं.' 'गणित दहा मिनिटांत सुटलं नाही तर गोल करून पुढं जायचं, रात्री ताईला त्याच गोलाचा फोटो.' बघ, फोटो आता अडलेल्याचा येतोय, झालेल्याचा नाही! तुझा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करायची गरज नाही, त्याच्यातनं काय जातं तेवढं बदल.

आता अभ्यास म्हणजे तो काय करतो तेही बघायला हवं. तू लिहिलंस 'वही सुंदर असते, तीन रंगांचे पेन वापरतो'. मला तिथंच शंका आली. उतरवून काढणं आणि परत परत वाचणं, यात सगळं येतंय असं वाटत राहतं, पण ते वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं. पण दोन दिवसांनी आणि आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. तेव्हा वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग वही उघडून राहिलेलं लाल पेननं भरायचं. कागद घाणेरडा दिसतो, दिसू दे. त्यात लाल किती आहे ते बघून त्याचं त्यालाच कळतं आपण कुठं आहोत. लेझीममध्ये कानाला कळतं तसं इथं डोळ्याला.

याच्या जोडीला एक गंमत सांगते, मी वर्गात करायचे. टेस्टचा पेपर लिहून झाला की शेवटच्या पानावर कोपऱ्यात लिहायचं, मला किती पडतील. मग पेपर मिळाला की दोन आकडे शेजारी ठेवायचे. पहिल्यांदा पोरं १८ लिहायची आणि ९ यायचे, चिडायची, मॅडमनं कमी दिले म्हणायची. चार-पाच टेस्टनंतर अंदाज जवळ यायला लागायचा, आणि खरं सांगू, ज्यांचा अंदाज जवळ यायला लागला त्यांचे मार्क नंतर वाढले, कारण कुठं खोटं वाटतंय हे त्यांना घरीच कळायला लागलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीला तर याचा फार उपयोग. पीसीएमच्या पेपरात १५० प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० नव्वद मिनिटांत, मग मॅथ्सचे ५० नव्वद मिनिटांत, मॅथ्सला प्रत्येकी दोन मार्क. कुठल्या प्रश्नावर थांबायचं आणि कुठला सोडून पुढं पळायचं हे तिथं कुठली ताई सांगायला येणार नाही.

तुझी भेट आठवड्याला एकच ठेव, अर्धा तास. त्यात त्यानं आधी बोलायचं, काय ठरवलं होतं, काय झालं, कशामुळं, आणि आता काय बदलणार. तू मध्ये बोलू नकोस, हे सगळ्यात अवघड आहे सांगते, तोंडाला कुलूप लावून बस. तो म्हणाला 'यावेळी काहीच नाही झालं' तर 'हम्म, मग?' एवढंच. आणि अधूनमधून तुझंही सांग, तुला बँकेच्या परीक्षेच्या वेळी कशानं कंटाळा यायचा, तू काय करायचीस, कुठं फसलीस. तू त्याला आजवर तयार निर्णय दिलेस, ते डोक्यात कसे आले ते कधी दाखवलंच नाहीस. माझ्या मते मेंटॉरनं द्यायची खरी गोष्ट तीच. एखादं गणित त्याच्यासमोर मोठ्यानं बोलत सोडव, 'इथं अडले, काय दिलंय परत बघते, हां, हे सूत्र बसत नाही' असं चुकत-माकत. त्याला वाटतं हुशार माणसांना पहिल्या फटक्यात येतं, ते भूत एकदा उतरव.

आणि मग हळूहळू मागं सर. घर बांधताना परांची लावतात ना, भिंत उभी राहिली की काढतात, कुणी कायम ठेवत नाही आणि ओल्या भिंतीवरनंही काढत नाही. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या पोरांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा करायला शिकवणाऱ्यांकडं बघून हाच शब्द वापरला. मूल अडलं की मदत वाढवायची, जमलं की कमी करायची. तू दिवाळीपर्यंत आठवड्याला एकदा भेट, मध्ये दोन मेसेज. नंतर पंधरा दिवसांनी. फेब्रुवारीत बोर्डाच्या तोंडावर भीती वाटली तर परत थोडं जवळ ये, तो काही पराभव नव्हे. एखादा आठवडा पूर्ण वाया जाईल, दोन जातील. त्या आठवड्यात एक्सेल उघडायचा मोह होईल, तेवढा आवर.

त्याच्या बहिणीला रोज वीस मिनिटं तो विज्ञान शिकवेल का विचारून बघ. शिकवायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते फार लवकर कळतं, मला तर नोकरी लागल्यावर कळलं.

एक मात्र सांगून ठेवते. तुझ्या मदतीनं सगळं होईल असं धरू नकोस. अकरावीचा पायाच कच्चा असेल तर त्याला शिकवणारं माणूसच पाहिजे, स्वतःला सांभाळून तो बसला तरी समोरचं कळायला हवं ना. आणि झोप उडालीय, जेवण कमी झालंय, मित्रांमध्येही जात नाही असं काही दिसलं तर ते आळसात धरू नको, आईवडिलांना सांग, टेली मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. तुझा मुलगा लेझीमला जातोय म्हणजे बहुतेक तसं काही नाही, पण हे सदर इतरही कुणी वाचत असतील म्हणून लिहिलं.

लेझीमचा सराव बंद कर म्हणू नकोस हां, मला माहितीय तुझ्या मनात आहे ते. उलट या आठवड्यात एकदा सातला तिथं जाऊन कडेला उभी राहा. तो कुठल्या ओळीत आहे, ठेका चुकला की काय करतो, लहान पोरांना कसं दाखवतो ते बघ, आणि तलावावरच्या चकरीत त्याच्याशी तेच बोल. फक्त चकरीचा वार ठरवायच्या आधी त्याला पाण्याचा दिवस विचार.